समोरच्या अंगणातली म्हातारी

वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, जड वास आला, की मला सिंदेवाहीकडच्या आमच्या गावातलं समोरचं अंगण आठवतं. तिथे एक म्हातारी राहायची. आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हा तिनेच बायकांना सांगून आईला हापशीवर पाणी भरू दिलं नव्हतं. आई ओढ्यावरून पाणी आणू लागली. पुढे म्हातारीला क्षयाने गाठलं, मुलगा-सून घुग्घुसला कामाला निघून गेले आणि भीतीने कुणी तिच्या अंगणात पाऊल टाकेना. आई मात्र रोज सकाळी तांदळाची पेज घेऊन जायची, तिचं अंग पुसायची. एकदा माझ्यासमोरच म्हातारीने विचारलं, "मी तुले पाणी भरू नाई देलं, अन् तू काऊन येऊन राह्यली वं?" आई म्हणाली, "पेज थंडी होते, माय. पिऊन घे." म्हातारी भिंतीकडे तोंड करून रडली. एका पहाटे, आईची पेज पोचायच्या आधीच, ती गेली. आई तिला शेवटची आंघोळ घालायला धावली, तर जमलेल्या बायकांनी दारातच अडवलं, "तुमचा धरम अलग. तुम्ही हात नोका लावू." आई घरी आली, चुलीपुढे बसली आणि खूप रडली. मग डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, माय उपाशीच आली तुयाकडं. तिले जवळ घे." आता आईही नाही. दर रविवारी मी चंद्रपूरच्या चर्चमध्ये मोठमोठ्या प्रार्थना ऐकतो, पण तशी प्रार्थना पुन्हा कधी ऐकली नाही.