दत्ताचा गेम आन् डेअरीचं दूध

मंडळी, आज आमच्या घरी काय झालं ते ऐका. माझा दत्ता चाळिशीच्या पुढं गेलाय. पण लहानपणीचा त्याचा गेम आता नव्यानं बनवून आलाय, म्हणून सकाळपासनं टीव्हीपुढं बसलेला. एक तलवारवाला गडी गावोगाव फिरतो आन् राक्षस मारतो.

संध्याकाळी मी म्हणलं, "दत्ता, डेअरी बंद व्हायला आली. दूध घालून ये."

"आई, मधीच सोडलं तर सगळं पहिल्यापासनं करावं लागतंय. सेव्ह करायची जागा येऊ दे, मग उठतो."

शाळेत होता तवापासनं हेच सांगतोय. लेकराची मेहनत वाया जायला नको म्हणून मीच त्याच्या वाटणीचं पाणी भरायचे. आजबी वाट बघत बसले.

तेवढ्यात त्याची पोरगी साक्षी म्हणाली, "आजी, नव्या गेममधी कुठंबी सेव्ह होतं. बटन दाबलं की झालं."

"तू अभ्यास कर गं," दत्ता म्हणला आन् उठला.

कॅन घेऊन गाडीवर पळाला आन् भरल्या कॅननिशी परत आला. डेअरीला कुलूप.

मी चुलीवर कढई ठेवली, सगळं दूध ओतलं आन् उलथनं त्याच्या हातात दिलं. खव्याला सारखं हलवावं लागतं, हात थांबला की खालनं करपतो.

थोड्या वेळानं म्हणतो, "आई, जरा धर की. हात भरून आले."

म्हणलं, "खवा मधी सेव्ह होत न्हाई, बाळा."

अजून हलवतोय. तुमच्या घरात असला कोण हाय का? असंल तर धाडून द्या, कढई मोठी हाय.