चिंतामणीशी झालेलं माझं भांडण

आमच्या यांच्या हृदयात स्टेंट बसवून चारच महिने झाले होते आणि छातीत पुन्हा कळ आली. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मलाच विचारलं, "गोळ्या चुकवल्या ना?"

मी राळेगावकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. लेकरांचे डोस मी कधी विसरले नाही, मग नवऱ्याची रक्त पातळ करायची गोळी विसरेन? "एकही नाही चुकली, साहेब. माह्या हातानं देल्ली," मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. सासूबाईंनीही तोंड फिरवलं, ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी कळंबला चिंतामणीच्या देवळात गेले. हात जोडलेच नाहीत. "तुले तं सारं दिसते ना? मंग काहून गप बसला? मीही आता दिवा लावत नाही!" मोठ्यानेच बोलले आणि रडू फुटलं.

शेजारी एक वयस्क बाई उभ्या होत्या, निवृत्त नर्स. मी घडलेलं सांगत गेले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "गोळ्या खरंच वेळेवर देल्ल्या?"

"देवासमोर उभी हाय मी."

"मंग गोळीच लागू पडत नसन. काहींच्या अंगात जन्मापासूनच असा फरक असते, का ते औषध कामच करत नाही. माह्या भावाचं तसंच झालतं. जनुकांची तपासणी कराले सांगा."

त्यांनी तपासणीचं नाव कागदावर लिहून दिलं. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. मी हटले नाही. "मंग म्या गोळ्या चुकवल्या, असं सही करून लिहून द्या." मग त्यांनी रक्त नागपूरला पाठवलं.

अहवाल आला. ती गोळी यांच्या शरीरात जागीच होत नव्हती, म्हणजे रक्त पातळच करत नव्हती. आईवडिलांकडून आलेला जनुकातला बदल होता तो. डॉक्टरांनी औषध बदललं आणि म्हणाले, "ताई, माझं चुकलं." सासूबाई मात्र खचल्या. "म्हंजे माह्याकडूनच आलं का वो?" मी त्यांचा हात धरला. "कोनाचाच दोष नाही, आई."

आज हे शेतात जाऊन येतात. त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं. त्या योगायोगाने भेटल्या की कुणी पाठवल्या, यावर मी वाद घालत नाही. ज्याच्यावर भार टाकायचा, त्याच्याशी खरं बोलावं लागतं. मी खरं बोलले, ओरडून बोलले, आणि त्यानंतरच पुढचं सारं त्याच्यावर सोपवता आलं.