गेटपाशी उभ्या अक्का

आमच्या जे. पी. नगरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या बाईंना सगळे अक्का म्हणतात, म्हणून पुण्याहून आलेली मीही म्हणते. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच, बंगळूरचं, त्यामुळे मराठी बोलतानाही मध्येच ‘जरा’ऐवजी कन्नड ‘स्वल्प’ येतंच. घरपोच जेवण देणाऱ्या कंपनीत त्या सॉफ्टवेअर लिहितात आणि त्याच धंद्याला मनापासून नावं ठेवतात. “लोकांचा वेळ वाचवतो म्हणे आम्ही. तो वाचलेला वेळ गाडीवाल्याच्या मानगुटीवर बसतो.”

जेवण मात्र तिथूनच मागवतात. गाडीवाल्यांना आमच्या लिफ्टमध्ये मनाई आहे, म्हणून मागवलं की अक्काच चपला घालून खाली येतात आणि गेटपाशी उभ्या राहतात.

परवा मी तिथे त्यांच्याशी बोलत होते. गाडीवाला बराच उशिरा आला आणि हेल्मेटही न काढता कन्नडमध्ये माफी मागू लागला. अक्का त्याला कन्नडमध्येच म्हणाल्या, “स्वल्प लवकरच आलास की. मला अजून भूकही लागली नाही.”

तो हसला आणि सावकाश निघून गेला. तो कोपऱ्यावरून वळल्यावर अक्कांनी तिथेच पुडकं फाडलं आणि उभ्याउभ्या अर्धा डोसा संपवला.