वाकडीला परका हात नको

आमची ही म्हणजे माशांची सासू, असं मी सगळ्यांना सांगतो. परदेशातून रंगीत कोई मासे आले, की ही जिथे कामाला आहे त्या मासे विकणाऱ्या फार्मचा मालक ते आधी हिच्या ताब्यात देतो. हिची खोली तळ्यापासून लांब, पार कोपऱ्यात. तिथलं जाळं तिथेच, बादली तिथेच, आणि आत पाऊल टाकायचं ते बूट औषधाच्या पाण्यात बुडवून. मी डबा घेऊन गेलो तर मला उंबऱ्याबाहेर उभं करते. इतकी वर्षं संसार केला आणि मी बाहेरचा!

एवढा बाऊ कशाला, तर कोईंना एक विषाणूचा आजार होतो आणि त्यावर औषध नाही. आलेला मासा वरून ठणठणीत दिसतो, पण तळ्यात सोडला की अख्खं तळं जातं. म्हणून हे लोक एक गोष्ट करतात, जी मला कधीच पटली नाही. नव्या माशांच्या टाकीत, लपलेला आजार वर यावा म्हणून कोमट ठेवलेल्या पाण्यात, आपल्या तळ्यातला एक निरोगी मासा सोडतात. आजार असेल तर तो घरच्याला धरतो. घरचा धडधाकट राहिला, तरच पाहुण्यांना तळं.

यंदा मालकाने वाकडीचं नाव घेतलं. पाठीत बाक असल्यामुळे तिला गिऱ्हाईकच मिळत नव्हतं. पण हिचा तिच्यावर भारी जीव. पिल्लू होती तेव्हा बाकीचे तिला खाऊ देत नसत, म्हणून हिने तिला वेगळ्या टबात वाढवलं होतं. मी म्हटलं, मालकाला सांग, दुसरा मासा घे. तर म्हणे, "आपली तेवढी वगळली, तर उद्या दुसरा मासा कुठल्या तोंडाने आत टाकू?" माझं डोकंच फिरलं. पण हिच्यापुढे कधी कुणाचं चाललंय?

आधी सगळं ठीक होतं. मग वाकडीने खाणं सोडलं. कल्ल्यांवर पांढरे चट्टे आले, अंग चिकट झालं. माशांच्या डॉक्टरांनी नमुना तपासायला नेला आणि तोच आजार निघाला. पाहुणे एकेक करून मरू लागले, उरलेल्यांना डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन संपवलं. ही घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. मी केलेली खिचडी खरंच वाईट होती, पण हिने नावंसुद्धा ठेवली नाहीत.

आणि काय सांगू, वाकडी बरी झाली. चांगली खायला लागली. मी मालकाला म्हटलं, आता सोडा बिचारीला तळ्यात, आणि मालकही विरघळला. ही मात्र म्हणाली, मासा बरा दिसला तरी आजार अंगात दबा धरून बसतो, आणि कधी दुसऱ्यांना लागेल याचा नेम नाही. मी म्हटलं, मग राहू दे तिला वेगळ्या टाकीत, जन्मभर.

"रोज तिला खाऊ घालून मी तळ्यावर जाणार," ती म्हणाली. "एक ना एक दिवस हात धुवायला विसरेन. मी माणूस आहे हो."

मी चिडून बाहेर जाऊन बसलो.

वाकडीलाही संपवायचं ठरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुम्ही घरी जा, मी करतो. ही म्हणाली, "नको. तिला परका हात नको." गुंगीचं औषध हिनेच पाण्यात घातलं आणि वाकडीच्या पोटाखाली हात धरून उभी राहिली. मी दाराशी होतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मासा केव्हाच शांत झाला होता, तरी हिचा हात पाण्यातच होता.

घरी आल्यावर हिने विचारलं, मी बरोबर केलं ना? बरोबर केलंस, मी म्हटलं. तळ्यातले सगळे मासे जिवंत आहेत, ते हिच्यामुळेच. पण माझ्या बायकोवर ही वेळ यायला नको होती, असं मला फार वाटलं, आणि तेही मी बोलून दाखवलं.

"पळाली नाही हो ती हातातून," ती म्हणाली, आणि मग रडली.