विमलताईंचं नदीकाठचं गाव

निखिलचा फोन आला तेव्हा मी सौंसरच्या बाजारात स्वेटर पाहत होते. फेब्रुवारी निम्मा सरलेला, ऊन चांगलंच चढलेलं. दुकानदार हसत म्हणाला, "बाई, थंडी तर गेली. आता स्वेटर काय करता?" मी न्यूझीलंडला चालले आहे, तिकडे भर उन्हाळ्यातही संध्याकाळी गार वारं सुटतं असं आमच्या विमलताईंनी बजावलं आहे, हे त्याला सांगणारच होते... आणि फोन वाजला. "मावशी, आई गेली," ताईंचा मुलगा म्हणाला. "दुपारी नदीवरून फिरून आली. बूट काढले, बाहेर बाकावर बसली. मेघा चहा घेऊन गेली तर..." माझं विमान नऊ दिवसांनी होतं. दुकानदारानं आतून खुर्ची आणून दिली, एवढंच त्यानंतरचं आठवतं.

विमल कळंबे आणि मी मुलींच्या एकाच शाळेत होतो. त्या भूगोल शिकवायच्या, मी मराठी. वयानं चार वर्षांनी मोठ्या, म्हणून ताई. यजमान तहसील कार्यालयात होते. निखिल आठवीत असताना ते गेले आणि ताईंनी एकटीनं सगळं उभं केलं. पण त्यांच्याकडे पाहून बिचारी म्हणायची कुणाची हिंमत होत नसे. सुती साडी, पायात कापडी बूट आणि चालण्याचा असा वेग, की सोबत जायचं तर धावावं लागे. नदी वळण कसं घेते हे शिकवायला त्या मुलींना बसनं रामाकोन्याला, कन्हानच्या काठावर नेत. एकदा एक मुलगी घसरली, तिचं ढोपर फुटलं, वडील तक्रार घेऊन आले. मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. ताईंनी एकच ओळ लिहिली : भूगोल वर्गाबाहेर असतो, म्हणून मुलींना बाहेर नेले. पुढच्या महिन्यात त्या पुन्हा नदीवर गेल्या, आणि सगळ्यांत पुढे तीच मुलगी होती.

निवृत्त झाल्या त्याच वर्षी निखिलनं त्यांना न्यूझीलंडला, तो राहत होता त्या मोठ्या शहरात नेलं. अकराव्या मजल्यावरचं घर. पंधरा दिवसांत फोन आला. "शैला, इथली खिडकी उघडतच नाही वो. चार बोटं उघडते न् अडकते." आवाज असा, की मला वाटलं ही बाई महिनाभरात परत येते. मनातून मला बरंही वाटलं. खरं सांगायचं तर मी त्यांची वाटच पाहत होते.

पण झालं वेगळंच. निखिल आणि त्याची बायको मेघा, दोघंही घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारी. शहराला ती दोघंही कंटाळली होती. निखिल म्हणाला, "आई, तू भूगोलाची बाई. आम्ही कुठं राहायचं ते तूच ठरव." ताईंनी ते गमतीवारी घेतलं नाही. तीन आठवडे तिघं मोटारीनं त्या देशाचा दक्षिणेकडचा सगळा मुलूख फिरले. ताई पुढच्या सीटवर, मांडीवर कागदी नकाशा. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ही बाई पहिल्यांदा तंबूत झोपली. गाव पारखायची त्यांची स्वतःची रीत होती. गावातल्या दुकानाबाहेर तासभर बसायचं आणि पाहायचं. म्हातारी माणसं एकटी हिंडतात का? येणारा-जाणारा मान वर करून पाहतो का? नदीपर्यंत पायी जायला सगळ्यांसाठी वाट आहे, की मधे कुणाचं कुंपण आहे? वारा कुठून येतो, हे तर त्या दुकानदारालाच विचारायच्या. निखिलचा जीव एका उंचावरच्या गावावर जडला होता. खाली निळं तळं, मागे बर्फाचे डोंगर. ताईंनी तिथंही तासभर बसून घेतलं आणि म्हणाल्या, "सुंदर आहे. इथं नाही राहायचं." त्यांनी निवडलं ते खालचं, मोकळ्या माळावरचं, एका रुंद नदीच्या काठचं छोटंसं गाव. त्याचं नाव मला अजूनही नीट म्हणता येत नाही.

मला हे कळलं तेव्हा मी फोनवर बोलून गेले, "ताई, खेड्यातच राहायचं होतं तर आपलं सौंसर काय वाईट होतं?" त्या हसल्या. "वाईट कुठं म्हणून राहिली मी?" त्यानंतर पुष्कळ दिवस मी त्यांच्याशी तुटक बोलत होते. वरून कारण हे, की म्हातारपणी परक्या मुलखात आपलं कोण. आतलं कारण वेगळं होतं. शाळा सुटल्यावर एकत्र चहा प्यायला आता मला कुणी नव्हतं, आणि त्या मात्र तिकडे आनंदात होत्या. याचा मला राग येत होता... आज लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं खरं.

तिकडे राहायची परवानगी सहा-सहा महिन्यांची, म्हणून त्या दिवाळीनंतर जात आणि उन्हाळ्यात परतत. तिकडचा उन्हाळा संपवून इकडच्या उन्हाळ्यात. "माझ्या आयुष्यातून हिवाळाच उडाला," म्हणायच्या. एकच दुःख, संत्र्यांची तोडणी ऐन भरात असताना त्या कधी सौंसरात नसत. बाकी त्या पुरेपूर जगल्या. रोज सकाळी नदीकाठानं दोन तास. शेजारी जोन नावाची ऐंशीची बाई होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती घराबाहेर पडत नव्हती. ताई रोज तिचं दार वाजवायच्या. पहिल्या आठवड्यात जोननं दार उघडलंच नाही म्हणे. ताई सोडतात काय! महिन्याभरात फाटकापर्यंत, मग पुलापर्यंत. वाटेत ताई तिला आपल्याकडचं एक-एक वाक्यही शिकवायच्या. एकदा मेघानं त्यांना हिमनदी पाहायला नेलं आणि तिथूनच मला फोन आला. वाऱ्यानं नीट ऐकू येत नव्हतं. "शैला, हिमोढ! हिमनदीनं आणून टाकलेले दगड! मी तीस वर्षं फळ्यावर काढून राहिली होती, आज त्याच्यावर उभी आहे!" त्या रडत होत्या. माझा राग त्या दिवशी निम्मा गेला.

उरलेला गेला तो मागच्या पावसाळ्यात. मी नुकतीच निवृत्त झाले होते. त्यांच्या सौंसरच्या अंगणात आम्ही दोघी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "आता तर सुटलीस ना शाळेतून? चल माझ्यासोबत."

"माझे गुडघे पाहता ना तुम्ही? तिथं डोंगरदऱ्यांत मी काय करू?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "डोंगर? अवो बाप्पा, तुझे गुडघे पाहूनच तर ते सपाट गाव घेतलं. निखिलला वरचं पाहिजे होतं. मी म्हटलं, माझी शैला चढन काय तिथं? मागची एक खोली तुझ्या नावानं ठेवली आहे, तीन वर्षं झाली."

तीन वर्षं मी रुसून बसले होते, आणि ही बाई तिकडे हजारो कोसांवर माझ्या गुडघ्यांचा विचार करून घर निवडत होती. "आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं. "तू विचारलं कधी?" एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

पासपोर्टसाठी छिंदवाड्याच्या चकरा, मग व्हिसाचे कागद, यात वेळ गेला. त्या नोव्हेंबरात पुढे गेल्या. मी फेब्रुवारीअखेर निघायचं ठरलं... आणि तो फोन आला.

मी निखिलला म्हटलं, तिकीट रद्द करते. तो म्हणाला, "मावशी, या. आईनं तुमच्या खोलीला पडदे लावून ठेवले आहेत." म्हणून मी गेले. नागपूरच्या पलीकडे एकटी कधी न गेलेली मी, तीन विमानं बदलून गेले. पडदे हिरवे होते. टेबलावर ताईंनी हातानं काढलेला गावाचा नकाशा होता, त्यावर पेन्सिलीनं मराठीत लिहिलेलं : इथं बाक, इथं सावली, इथून नदी दिसते. बाकांमधलं अंतर त्यांनी पावलांनी मोजून मांडलं होतं. माझ्या पावलांनी, तसं खाली लिहिलंच होतं; त्यांची तर दुप्पट लांब पडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नकाशा घेऊन मी एकटीच निघाले. वाट खरंच सपाट होती, नदी उथळ आणि गोट्यांनी भरलेली. दुसऱ्या बाकापाशी समोरून एक उंच म्हातारी काठी टेकत येताना दिसली. माझी साडी पाहून ती जागीच थांबली. जोनच असणार. निखिलनं सांगितलं होतं, की ताई गेल्यानंतरही तिनं चालणं एक दिवस चुकवलेलं नाही. विमानात घोकलेलं एकच वाक्य होतं, तेच म्हटलं, "हाऊ आर यू?"

ती दोन पावलं जवळ आली. मग दोन्ही हात काठीवर ठेवून, एक-एक शब्द सांभाळत, अगदी ताईंच्या हेलात म्हणाली, "चालून राहिली."