आवरताना झालेली चूक

चालत्या कामात काडीचा रस नसलेला आणि आवराआवरीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या भिलाईत मी एकच पाहिला: आमचे टेस्टिंगवाले काका. स्टील प्लांटच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर होऊन ते नेहरू नगरातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आले. लग्नाला बोलावलं तर अक्षता चुकवतील, पण दुसऱ्या दिवशी मांडव उतरवताना हजर, दोर कुठे अडकतो ते पाहायला. कामही तसंच. प्रोग्रॅम फाइल उघडतो, काम झालं की आवरून बंद करतो. त्या बंद करण्यातच चूक झाली तर तो ओरडतो की चूक गिळून पुढे जातो, एवढंच ते तपासत. मुद्दाम चूक घडवून आणत आणि खुर्ची ओढून वाट पाहत बसत. म्हणत, "चालून राहिला तवर सारेच पाह्यतात. जाता जाता चुकला तं कोनाले सांगन?"

एका पॅथॉलॉजी लॅबसाठी केलेला आमचा प्रोग्रॅम त्यांच्या चाचणीत रोज नापास व्हायचा. डिस्क भरली की रिपोर्टची फाइल बंद होताना चूक व्हायची, आणि पडद्यावर मात्र 'सेव्ह झालं' असं यायचं. प्रोग्रॅम द्यायचा दिवस आला तसं मालकांनी मला हळूच सांगितलं, "वो टेस्ट बंद कर दो." मी केली. सकाळी काकांनी पाहिलं. "तूच केली ना? कावून केली, थे कारन लिहून ठेव," एवढंच बोलले आणि महिनाअखेर काम सोडून रुआबांध्याला घरी बसले.

काही महिन्यांनी लॅबचे एका दिवसाचे सगळे रिपोर्ट कोरे निघाले. आजारी माणसांना पुन्हा रक्त द्यायला यावं लागलं. मी धावत रुआबांधा गाठलं. काकांना अर्धांगवायू होऊन वाचा गेली होती. आम्हाला पत्ताच नव्हता. काकू म्हणाल्या, "समजते त्यायले सारं. वाचून दाखव." मी लॅपटॉप उघडून प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचू लागलो. चुकीच्या ओळीला ते डाव्या हाताने गादीवर थाप मारत, मी ती दुरुस्त करी. तीन दुपारी असं चाललं. तिसऱ्या दिवशी बंद केलेली ती टेस्ट पुन्हा चालवली, आणि मुद्दाम घडवलेली चूक 'सेव्ह झालं'च्या जागी पडद्यावर लाल अक्षरांत उमटली. काका हसले, तोंडाच्या एकाच बाजूने.

मग मी मान खाली घालून माफी मागितली. बराच वेळ बोललो. वर पाहिलं तर त्यांचा डोळा लागला होता. काकू चादर नीट करत म्हणाल्या, "राहू दे बेटा. उद्या ये, उद्या सांगजो."

तेव्हापासून रोज जातो. माफीचं मात्र पुन्हा माझ्या तोंडातून निघत नाही. काकू चहा आणतात. काकांना आता मीच चमच्याने पाजतो.