कंटिन्युअस कुरोडी

पिंपळगाव राजात वीस वर्षं मी गणित शिकवतो, आणि मला गणित येत नाही यावर माझ्या घरात एकमत आहे.

हे एकमत झालं गेल्या मार्चात, गच्चीवर. आठ दिवसांवर भाचीचं लग्न. तिच्या रुखवतासाठी बायको कुरोड्या घालायला बसली होती. दोन खाटा, मधे हातभर फट, वर धुतलेली धोतरं. शेजारी आमची तनू, अकरावी सायन्स, उद्या पेपर, डोळे मिटून घोकत होती, "पेन न उचलता ग्राफ काढता येते ते कंटिन्युअस फंक्शन. पेन न उचलता..."

"घोकू नको पोरी, समजून घे!" म्हणत मी बायकोच्या हातातला साचाच हिसकला. "हे पाह्य. हात उचलला नाही, धार तुटली नाही. कंटिन्युअस!"

"अहो, गोल घाला ना!"

"थांब जरा! लेकराचा पेपर हाय!" (मधे बोललेलं मला वर्गातही चालत नाही.)

साचा संपला की भरायचा, टोकाला टोक जुळवायचं, पुन्हा पुढं! अख्खी खाट भरली तेव्हा कुठं मी हात उचलला आणि दुसऱ्या खाटेवर गेलो. तीही भरली. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक खलास!

"आता सांग. मधात हात उचलला. म्हणजे कंटिन्युअस नाही!"

"काऊन नाही?" तनू म्हणाली. "मधात खाटच नाही, पप्पा! जिथं फंक्शन हायच नाही, तिथं ते तुटलं कसं म्हणता? खाटीवर तर कुठंच तुटलं नाही."

मी तणतणत पुस्तक उघडलं. कार्टी बरोबर होती! फंक्शन जिथं असतं, तिथंच ते तुटलं का ते पाहायचं, असं चक्क छापलेलं होतं. वीस वर्षं मी पोरांना नुसतं 'पेन उचलू नका' सांगत आलो होतो!

"ते जाऊ द्या," बायको कडाडली. "ही खाटीएवढी कुरोडी मी कोणत्या कढईत तळू?"

वाळल्यावर तोडायला गेलो, तर चुराच झाला. रुखवतात परातभर चुरा मांडला! विहीणबाईंनी तो चिमटीत धरून विचारलं, "सरांचं डोकं फिरलं होतं का?"

"नाही हो," बायको शांतपणे म्हणाली. "जिथं हायच नाही, तिथं फिरन कसं?"

पुस्तकाप्रमाणं तिचं उत्तर बरोबर होतं.